कागदावर नसलेली बाग

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीचा फराळ आटोपून आम्ही सारी मंडळी मेहकरच्या घराच्या मागल्या ओसरीवर बसलो होतो. धाकटे भाऊजी पुण्याहून आले होते. त्यांनी आपल्या पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. आमच्या घराच्या मिळकतीचा तो उतारा होता. घर अमुक चौरस मीटर, ओसरी अमुक, आड एक, आणि त्यापुढे दोनच शब्द : 'खुली जागा'.

"वहिनी, एवढी खुली जागा नुसती पडून आहे," भाऊजी म्हणाले. "बांधकामवाला भाव चांगला देतो आहे. विचार करायला हवा."

मी परसाकडे पाहिले. आडाला लागून पारिजातक, त्याच्याखाली पहाटेच्या फुलांचा सडा तसाच पडलेला. न्हाणीच्या पाण्यावर माजलेला आळू. शेवग्यावर चढवलेला नागवेलीचा वेल. कुंपणाला गुलबाक्षी, कोपऱ्यात सीताफळ, आणि मधोमध तुळशीवृंदावन. माझ्या सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून गेली अडुसष्ट वर्षे हे सारे लावीत, शिंपीत, छाटीत आल्या आहेत.

"भाऊजी, ही काय खुली जागा आहे? ही बाग आहे," मी म्हणाले.

"असेल. पण कागदावर कुठे आहे?"

सासूबाई शेजारीच वाती वळीत होत्या. आता त्यांना अंधुक दिसते, पण कान तिखट आहेत. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "कागदावर कुठं झाडं उगवतात वं माय!"

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. बत्तीस वर्षे मी बुलढाण्याच्या शाळेत इतिहास शिकवला आणि दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला एकच वाक्य ऐकवले : जिथे कागद नाही, तिथे इतिहास नाही. आज तेच वाक्य माझ्या अंगावर उलटले होते. शेवटी असे ठरले, की पुढल्या दिवाळीपर्यंत विक्रीचा विषय काढायचा नाही. आणि मी मनाशी ठरवले, की एवढ्या वर्षात बाग कागदावर येते तरी कशी, हे शोधून काढायचे.

गॅझेटिअरातली विहीर

सुरुवात केली ती घरापासून जवळच्या ग्रंथालयात. आमच्या जिल्ह्याविषयी तीन जाडजूड ग्रंथ आहेत. पहिला १८७० सालचा, लायल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संपादिलेला साऱ्या वऱ्हाडचा गॅझेटिअर. दुसरा १९१० सालचा, नेल्सनने केलेला खास बुलढाणा जिल्ह्याचा. तिसरा महाराष्ट्र शासनाचा, १९७६ सालचा. पूर्वी हे ग्रंथ पाहायचे म्हणजे कपाटाच्या किल्लीची आराधना करावी लागे. आता जुने गॅझेटिअर संगणकावरही वाचायला मिळतात. पण पिवळ्या पानांचा वास संगणकाला येत नाही, म्हणून मी आपली कपाटापुढेच बसले.

राजे, लढाया, जाती, पिके, जंगले, रस्ते, बाजार, सगळ्यांना तिथे प्रकरणे आहेत. बागेला प्रकरण नाही. बाग सापडते ती जमीन महसुलाच्या प्रकरणात. जमिनीचे जिराईत आणि बागाईत असे दोन भाग आपल्याला ठाऊक आहेत. जिथे विहिरीचे किंवा पाटाचे पाणी, ती बागाईत, आणि तिच्यावर सारा जास्त. म्हणून कारकून विहिरी मोजायचा, मोटा मोजायचा. त्या विहिरीवर वांगी होती की मोगरा, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. तरी त्याच्या आकड्यांतून आपल्याला एवढे नक्की कळते, की इथे कुणीतरी पाणी ओढून काहीतरी हिरवे राखीत होते.

आणि पाण्याची ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात मोठी मनोरंजक आहे. बुलढाणा जिल्हा दोन मजली आहे. वरचा मजला बालाघाट : बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खालचा पायनघाट : मलकापूर, नांदुरा, शेगाव, आणि पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे. घाटावर विहीर खणायची म्हणजे काळा खडक फोडायचा. पण पाणी लागले तर गोडे लागते. खाली पूर्णेच्या खोऱ्यात माती लोण्यासारखी, पण कितीएक गावी पाणी खारट. हाच तो खारपाणपट्टा. हे पाणी झाडांना घालावे तर जमीनच बिघडते. म्हणून कापूस मुबलक आणि बागा विरळ. पूर्णा ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी जावे, तेव्हा जळगाव जामोदच्या बाजूला पुन्हा गोडे पाणी आणि गर्द सावली भेटते. तिथे बारी समाजाची मंडळी पानमळे आणि पानपिंपरी राखतात. पानमळा म्हणजे बागेतला कुलीन प्रकार. वेलाला आधार म्हणून शेवरी, पांगारा, शेवगा आधी लावायचा, वेल त्यावर चढवायचा, आणि वाढला की खाली उतरवून त्याचा बुंधा मातीत गाडायचा, म्हणजे तो पुन्हा नव्याने फुटतो. सासूबाई शेवग्यावरच्या नागवेलीला दर वर्षी नेमके हेच करतात. हे त्यांना कुणी शिकवले, ते मला पुढे कळले.

याच चाळणीत एक सुरेख चित्रही सापडले. लोणारच्या सरोवराचे जुने वर्णन आहे. विवराच्या पोटात पाण्याभोवती झाडांची कडी सांगितली आहेत : आधी शिंदीची, मग चिंचांचे रुंद कडे, मग बाभळींचे, आणि अगदी आत झाडझुडूप नसलेला चिखलाचा पट्टा. खाऱ्या पाण्याशी ज्याला जेवढे जमेल, तेवढे तो पाण्याजवळ उभा. माळ्याने वाफे आखावेत तसे निसर्गाने आखलेले. २०२० सालच्या जूनमध्ये याच सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि साऱ्या जगाची नजर तिकडे वळली. आता तिथे विलायती बाभळीनेही बस्तान मांडले आहे.

बदलीच्या नोकरीतले कागद

गॅझेटिअर संपले, आणि त्याआधीचे काय, असा प्रश्न उभा राहिला. इथे आमच्या वऱ्हाडचे दैव आड येते. बदलीची नोकरी करणाऱ्या माणसाचे सामान जसे चार गावी विखुरते, तसे आमचे कागद विखुरले आहेत. वऱ्हाड निजामाचा होता. १८५३ साली त्याने तो इंग्रजांच्या हवाली केला. १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडला गेला. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. तेव्हा एका मेहकरच्या मळ्याचा माग काढायचा, तर हैदराबाद, नागपूर, मुंबई आणि लंडन एवढी तीर्थे करायला हवीत! माझ्या पेन्शनीत नागपूर आणि पुणे एवढे बसले.

पण पुष्कळसे छापलेलेही आहे. अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे. अकबराने वऱ्हाड घेतला १५९६ साली. त्या वेळी मेहकर हे एक 'सरकार' होते, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा महसुली भाग. लोणारच्या पाण्यातून काच आणि साबण यांना लागणारे क्षार मिळतात, हे त्याने टिपले आहे, कारण त्यात उत्पन्न आहे. मात्र एलिचपूरचे, म्हणजे आपल्या अचलपूरचे, वर्णन करताना तो एका फुलाशी थबकला आहे. जमिनीलगत उगवणारे, अतिशय सुवासिक, भुईचाफा नावाचे फूल.

त्या रात्री मी हे सासूबाईंना वाचून दाखवले. दिल्लीच्या बादशहाच्या ग्रंथात वऱ्हाडचे फूल आले, याचे मला कोण अप्रूप! सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आपल्या आडाजवळ आहे की भुईचाफा. उन्हाळ्यात नुसतं फूल येतं, पानं मागाहून. तुझ्या लक्षात नाही आलं कधी?"

पंचेचाळीस वर्षे त्या आडाचे पाणी ओढले, आणि माझ्या लक्षात आले नव्हते.

त्याहून मागे गेले तर महानुभावांचे ग्रंथ भेटतात. चक्रधरस्वामी मेहकरला आणि लोणारला येऊन गेले. 'लीळाचरित्रा'चे संपादन करणारे डॉ. वि. भि. कोलते आमच्याच जिल्ह्यातले, मलकापूर तालुक्यातले. स्वामी जिथे जिथे बसले, राहिले, त्या जागांची टिपणे पुढे 'स्थानपोथी'त झाली. देऊळ कोणत्या तोंडाचे, विहीर कुठे, झाड कुठे. भक्ताला ती जागा नेमकी सापडावी म्हणून एखादे झाड कागदावर येते. करासाठी येते तसे भक्तीसाठीही येते, हे तिथे मला कळले.

झाडे लावण्याची शास्त्रेही आपल्याकडे होती. १३६३ सालच्या 'शार्ङ्गधरपद्धती'त 'उपवनविनोद' नावाचे एक अख्खे प्रकरण आहे. खड्डा कसा घ्यावा, दोन झाडांत अंतर किती ठेवावे, खत कसे करावे, दुखणाइत झाडाला काय द्यावे, भूमीखाली पाणी कुठे असेल ते कसे ओळखावे. १९३५ साली कलकत्त्याच्या गिरिजाप्रसन्न मजुमदारांनी ते इंग्रजी भाषांतरासह छापले. मी ग्रंथालयात 'शार्ङ्गधर' असे नाव सांगताच तिथला शिपाई मेहकरचाच निघाला. तो म्हणाला, "बाई, हा तर आमचा बालाजी!" आमच्या मेहकरच्या बालाजीचे नाव शारंगधर. तो देव निराळा आणि हा पंडित निराळा. पण त्या दिवसापासून माझी पुस्तके टेबलावर लवकर येऊ लागली, एवढे खरे.

सिंदखेडच्या लेकीची बाग

आता राजघराण्यांकडे वळू. सिंदखेड राजाला कोण गेले नाही? लखुजी जाधवरावांचे हे गाव, जिजाऊंचे माहेर. तिथे जन्मस्थानाचा वाडा पाहून बहुतेक लोक परत फिरतात. त्यांनी थोडे पुढे जावे. मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, मूर्तींनी मढवलेली पुतळा बारव आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत या माळावर उभे राहिले म्हणजे ध्यानात येते, की इथे पाणी अडवणे हेच खरे ऐश्वर्य होते. तलाव, बारवा, पाट हे ज्या मुलीने लहानपणी पाहिले, ती पुढे सासरी पुण्याला गेली. पुणे तेव्हा उद्ध्वस्त होते. जिजाऊ आणि बालशिवाजी यांच्या देखत दादोजी कोंडदेवांनी जवळच शिवापूर वसवले, आणि तिथे आंब्याची बाग उठवली, असे बखरकार सांगतात. त्या बागेतला एक आंबा दादोजींनी नकळत तोडला आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून पुढे अंगरख्याची एक बाही आखूड ठेवली, ही गोष्ट तुम्ही-आम्ही शाळेत ऐकलेलीच आहे. तिच्यात इतिहास किती आणि कथा किती, हे जाणकारांनी ठरवावे. पण मालकाच्या परवानगीवाचून फळाला हात लावायचा नाही, ही शिस्त लोकांच्या मनात किती खोल होती, ते या कथेतून दिसते.

याच घराण्याच्या राज्यनीतीचा खरा दस्तऐवज म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र', १७१५ च्या सुमाराचे. आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लाकूड कुठून आणावे, ते सांगितले आहे. आणि तिथेच बजावले आहे, की रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहणार नाही. फारच जीर्ण झाड असेल तर धन्याची समजूत काढून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. मी हा भाग वर्गात कैक वेळा शिकवला. पण 'लेकरासारखी' या शब्दाचा अर्थ मला या वर्षी समजला.

पुण्यात पेशवे दफ्तर पाहिले. १८९१ साली बांधलेली ती दगडी इमारत, आत रुमालांत बांधलेले मोडी कागद, कोटींच्या घरात. पेशव्यांच्या हिराबागेचा आणि पर्वतीचा तो काळ. बागा होत्या म्हणून माळी होते, फुले होती म्हणून फुलवाले होते. महात्मा जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. त्यांचे वाडवडील पेशव्यांकडे फुले पुरवीत, त्यांना जमीन इनाम मिळाली आणि घराण्याचे नाव फुले पडले. म्हणजे एका बागेची नोंद चक्क आडनावात शिल्लक राहिली!

मुंबईच्या राणीच्या बागेचीही अशीच गंमत. १८६२ साली ती लोकांसाठी उघडली तेव्हा तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव होते. आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. मुलांना हत्ती दाखवायला गेलेल्या किती मुंबईकरांना ठाऊक असेल, की ही राणी बुलढाणा जिल्ह्यातली?

तुळशीशेजारचे परदेशी पाहुणे

या शोधात मला सर्वांत मोठा धक्का बसला तो आमच्याच दारातल्या तोरणाने. दसरा-दिवाळीला ज्याच्यावाचून आपले पान हलत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा! पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात अमेरिकेची जी झाडे आपल्याकडे आली, त्यांच्या पंगतीतला. मग मी यादीच करू लागले. निशिगंध : मेक्सिको. देवचाफा : मेक्सिको आणि त्याच्या आसपासची बेटे. गुलबाक्षी : अमेरिका. पिवळ्या फुलांची बिट्टी : अमेरिका. शेवंती : चीन. सदाफुली आणि गुलमोहर : मादागास्कर. पपई, पेरू, मिरची यांची तर कथाच नको. सीताफळ आणि रामफळ ही नावे ऐकून वाटते, वनवासात प्रभूंनी हीच खाल्ली असतील. तर तीही अमेरिकेची. आमच्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत सीताफळ असे काही माजले आहे, की त्याला परका म्हणायला जीभ धजत नाही.

सासूबाईंना हे सांगावे की नाही, असा मला संकोच पडला. देवपूजेतली निम्मी फुले परदेशी निघाली! शेवटी सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मी तरी कुठली इथली? देऊळगाव राजाहून आले. रुजले." मोगरा, जाई, पारिजातक, तुळस मात्र आपल्याच, हे ऐकून त्यांना बरे वाटले असावे, कारण संध्याकाळी तुळशीपुढे दिवा जरा जास्त वेळ जळत होता.

परदेशी लोकांनी आपली झाडेही तितक्याच हौसेने कागदावर उतरवली. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ केला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्सटरडॅमला छापला गेला. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्या तिघांचे प्रमाणपत्र पहिल्याच खंडात देवनागरी अक्षरांत छापले आहे. सव्वातीनशे वर्षांहून जुन्या डच ग्रंथात आपली ओळखीची अक्षरे संगणकाच्या पडद्यावर पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आले.

पुण्याजवळ दापोडीला १८२८ साली सरकारी वनस्पतिबाग निघाली. डॉ. गिब्सन तिचा प्रमुख असताना, १८५० च्या आगेमागे, एका हिंदी चित्रकाराने तिथल्या झाडांची अप्रतिम चित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेत आहेत. २००२ साली हेन्री नोल्टी यांनी त्यांवर पुस्तक लिहिले. गव्हर्नरचे नाव ठाऊक, डॉक्टरचे नाव ठाऊक, प्रत्येक झाडाचे लॅटिन नाव ठाऊक. चित्रकाराचे नाव कुठेच नाही.

इथे माझे वाचन थांबले आणि विचार सुरू झाला. बाग कागदावर येते ती कुणाला सारा घ्यायचा असतो म्हणून, कुणाला मोठेपणा मिरवायचा असतो म्हणून, कुणाला औषध किंवा व्यापार हवा असतो म्हणून. आमच्या परसाने कधी सारा भरला नाही. त्याची कीर्ती गल्लीच्या टोकापलीकडे गेली नाही. मग ते 'खुली जागा' राहिले यात नवल ते काय! आणि अशी परसे काय एक आहे? वऱ्हाडातल्या, कोकणातल्या, देशावरच्या प्रत्येक घरामागे न्हाणीच्या पाण्यावर आळू आणि केळ होती. त्यांच्या माळिणींची नोंद कोणत्या दफ्तरात आहे?

एका ठिकाणी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हां यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. आता त्या संगणकावर कुणालाही ऐकता येतात. दळता दळता बाई देवाला आळवते, भावाची वाट पाहते, आणि तिच्या तोंडी तुळसही येते. लिहायला येत नव्हते, म्हणून तिने आपले दफ्तर गळ्यात ठेवले होते.

सासूबाईंची वही

मी तेव्हाच उठले, शंभर पानांची वही आणली आणि सासूबाईंपुढे बसले. "एकेक झाड सांगा. कुठून आले, कुणी दिले."

त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. जाई माहेरची, देऊळगावहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. मोगरा शेजारच्या काकूंचा, त्यांच्या मुलीच्या लग्नात गजऱ्यांसाठी तोडला तेव्हा एक फांदी मागून घेतली. नागवेल आणि ती खाली उतरवायची रीत एका बारी बाईने शिकवली, ती सातपुड्याच्या पायथ्याकडून लेकीच्या बाळंतपणाला मेहकरला आली होती. गवती चहा डॉक्टरांच्या घरचा. सीताफळ कुणी लावले नाही, पोरांनी बिया थुंकल्या त्यातले. भुईचाफ्याचा कंद लोणारच्या यात्रेत एका म्हातारीने दोन आण्याला दिला. पारिजातक मोठ्या मुलाच्या, म्हणजे आमच्या यजमानांच्या, जन्माच्या साली लावला. ते जाऊन आता सहा वर्षे झाली. तेवढे सांगून सासूबाई जरा थांबल्या. मीही पेन खाली ठेवले.

आठ दिवसांत बेचाळीस झाडे झाली. वहीत पाहते तो विकत आणलेली त्यांत चारच. बाकी सारी कुणाच्या तरी हातून आलेली. ती नुसती झाडांची यादी नव्हती. साठ-सत्तर वर्षांच्या मेहकरच्या शेजारधर्माचा तो इतिहास होता, आणि तो शिकवणारी बाई माझ्या घरात असताना मी दफ्तरे धुंडाळीत नागपूर-पुणे हिंडत होते.

वाटले, आता भाऊजींना दाखवू आणि जागा वाचवू. पण सासूबाईंनीच मला थांबवले. "जागा विका," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही. तुझे गुडघे गेले. आडाचं पाणी कोण ओढणार? झाडं वाळताना नाही पाहायची मला. पण आधी ज्याचं त्याला देऊन टाक."

आषाढात पाऊस लागला तेव्हा आम्ही कामाला लागलो. फांद्या कापल्या, कंद काढले, दाब कलमे केली. मोगऱ्याची फांदी शेजारच्या काकूंच्या नातसुनेकडे गेली. तिला ठाऊकही नव्हते, की तो मोगरा तिच्याच घरचा. जाई पुन्हा देऊळगावला गेली. गवती चहा डॉक्टरांच्या घराच्या गच्चीवर कुंडीत लागला. नागवेल शाळेच्या शेवग्यावर चढवली. वहीची एक प्रत मी गावच्या वाचनालयात दिली. ग्रंथपालांनी विचारले, "बाई, ही कोणत्या विषयाखाली नोंदवू? शेती की वनस्पतिशास्त्र?" मी म्हणाले, "इतिहास लिहा."

पारिजातकाचे मात्र काय करायचे? एवढे मोठे झाड कुठे नेणार? त्याच्या बिया मी पुडीत बांधून ठेवल्या होत्या. गणपतीत भाऊजी आले तेव्हा त्यांनी ओसरीवर बसून वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. काही बोलले नाहीत. जाताना बियांची पुडी तेवढी मागून घेतली.

परवा करारनाम्याचा मसुदा आला. सही दिवाळीनंतर व्हायची आहे. भाऊजींनी तिसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवले. तिथे लिहिले होते : 'जागेच्या उत्तर बाजूस असलेला आड व त्यालगतचे पारिजातकाचे झाड आहे तसे कायम ठेवावे.' बांधकामवाल्याने त्यासाठी भिंत सहा फूट मागे घ्यायचे कबूल केले आहे.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "एक झाड तरी कागदावर आले."

मी ती ओळ सासूबाईंना दोनदा वाचून दाखवली.

तुमच्याही घरामागे, गॅलरीत, गच्चीवर एखादी बाग असेल. नसली तर आईच्या, आजीच्या आठवणीत नक्की असेल. या दिवाळीत फराळाची ताटे उचलून झाली, की एक वही घ्या आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, कोणते झाड कुठून आले. चार दिवस पुरतील एवढे तिच्यापाशी आहे. मात्र विचारायला उशीर करू नका. दफ्तरखान्यातले कागद शंभर वर्षे वाट पाहतात. माणसे तेवढी पाहू शकत नाहीत.